रिचर्ड्स वैद्यकीय संशोधन इमारत : रचना आणि सुविधा

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आवारात असलेली आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स वैद्यकीय संशोधन इमारत ही विसाव्या शतकातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या विज्ञान-इमारतींपैकी एक होय. वास्तुशिल्पज्ञ लुई कान यांच्याकडे १९५७ मध्ये तिचे काम सोपविण्यात आले आणि १९६० मध्ये ती पूर्ण झाली. तिला जोडूनच जीवशास्त्रासाठी बांधलेली गोडार्ड प्रयोगशाळा १९६५ मध्ये तयार झाली. जगभरातील वास्तुकलेचे विद्यार्थी ही वास्तू पाहण्यासाठी आजही फिलाडेल्फियाला जातात. मात्र ज्यांच्यासाठी ती उभारली गेली, त्या संशोधकांवर तिच्या खिडक्यांच्या काचा कागदाने आणि धातूच्या पत्रीने झाकण्याची वेळ आली होती. एकाच इमारतीविषयीची ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि तिचे महत्त्वही त्यातच आहे. प्रयोगशाळेची इमारत कशी असावी, या प्रश्नाची उत्तरे तिने जितकी दिली तितकेच नवे प्रश्नही उभे केले.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय १७६५ मध्ये स्थापन झाले. त्यावेळच्या अमेरिकी वसाहतींमधील ते पहिलेच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वैद्यकीय संशोधनासाठी शासकीय निधी मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागला आणि जुन्या इमारतींमधील खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. नव्या इमारतीला ज्यांचे नाव देण्यात आले ते आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स (१८७६–१९६६) हे याच विद्यापीठातील औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. मूत्रपिंडात रक्त कसे गाळले जाते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातून केसाहूनही बारीक नळीने द्रव काढून सिद्ध केले. युद्धकाळात अमेरिकेच्या वैद्यकीय संशोधन समितीचे ते अध्यक्ष होते आणि पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू होण्यात या समितीचा मोठा वाटा होता.

लुई कान (१९०१–१९७४) यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील एस्टोनियात झाला. बालपणीच ते फिलाडेल्फियाला आले आणि १९२४ मध्ये याच विद्यापीठातून वास्तुकलेचे पदवीधर झाले. पन्नाशी गाठेपर्यंत त्यांच्या नावावर गाजलेली अशी एकही मोठी वास्तू नव्हती. येल विद्यापीठाचे कलादालन (१९५३) ही त्यांची पहिली लक्षवेधी इमारत. तेथे काँक्रीटच्या पोकळ छतातून त्यांनी विजेच्या तारा आणि हवेच्या वाहिन्या नेल्या होत्या. रिचर्ड्स इमारतीचे बीज या पोकळ छतात शोधावे लागते.

सेवक जागा आणि सेव्य जागा

प्रयोगशाळा ही कार्यालयासारखी किंवा वर्गखोलीसारखी जागा नसते. तिला पाणी, वायू, वीज, निर्वात नळ्या, सांडपाण्याची स्वतंत्र व्यवस्था आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सतत खेळती हवा लागते. विषारी वायू, जंतू आणि किरणोत्सारी द्रव्ये यांवर काम चालणाऱ्या खोलीतील हवा पुन्हा तिथेच फिरविता येत नाही. ती बाहेर टाकून तितकीच ताजी हवा आत आणावी लागते. त्यामुळे अशा इमारतीत नळ आणि वाहिन्यांचे जाळे इतके मोठे होते की ते लपविण्यातच वास्तुशिल्पज्ञाची शक्ती खर्च होते. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि बोळाच्या छतावर कोंबलेल्या नळ्या अशी त्या काळातील प्रयोगशाळांची ठरीव रचना असे.

कान यांना नळ्या आणि वाहिन्या मुळीच आवडत नसत, असे ते स्वतःच सांगत. पण त्यांना योग्य जागा दिली नाही तर त्या सगळ्या इमारतीवर अतिक्रमण करतील, हेही त्यांनी ओळखले होते. यावर त्यांनी काढलेला मार्ग असा : इमारतीतील जागांचे दोन वर्ग करावयाचे. जिथे माणसे काम करतात त्या जागा सेव्य. आणि जिने, उद्वाहने, हवेचे मार्ग, नळ, गोदामे या त्यांची सेवा करणाऱ्या जागा सेवक. या दोहोंची सरमिसळ करावयाची नाही, प्रत्येकाला स्वतःचे वेगळे, बाहेरूनही ओळखू येईल असे स्वरूप द्यावयाचे. न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटनजवळच्या एका जलतरण तलावाच्या स्नानगृहात (१९५५) त्यांनी हा विचार लहान प्रमाणावर करून पाहिला होता. तेथे छत पेलणारे खांबच पोकळ करून त्यांत प्रवेशमार्ग आणि शौचालये बसविली होती. रिचर्ड्स इमारतीत तोच विचार आठ मजल्यांच्या उंचीवर गेला.

इमारतीच्या मांडणीत मध्यभागी सेवांचा एक मनोरा आहे आणि त्याच्या तीन बाजूंना प्रयोगशाळांचे तीन मनोरे भिरभिऱ्याच्या पात्यांप्रमाणे जोडलेले आहेत. मधल्या मनोऱ्यात उद्वाहने, जिने, यंत्रसामग्री आणि प्रयोगासाठीच्या प्राण्यांच्या खोल्या होत्या. प्राण्यांचा वास आणि त्यांच्यापासून संभवणारा संसर्ग प्रयोगशाळांपासून दूर ठेवण्याची ही सरळ युक्ती होती. मधल्या मनोऱ्याच्या चौथ्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूस विद्यापीठाची वनस्पती-बाग आहे. त्या बाजूस चार उंच हवा-मार्ग उभे केले आहेत. जमिनीलगतच्या मुखांतून ते बागेकडील स्वच्छ हवा ओढून घेतात आणि वरच्या यंत्रांकडे पोहोचवितात. या मुखांना नाकपुड्या असेच नाव पडले.

वापरलेली हवा बाहेर टाकण्याची सोय याच्या नेमकी उलट आहे. प्रत्येक प्रयोगशाळा-मनोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला विटांनी मढविलेले, खिडक्या नसलेले उंच स्तंभ चिकटविलेले आहेत. त्यांपैकी काहींत जिने आहेत आणि काहींतून दूषित हवा वर जाते. हे स्तंभ छपराच्याही वर बरेच उंच गेलेले असल्याने बाहेर पडणारा वायू खालच्या नाकपुड्यांपर्यंत परत येण्याची शक्यता कमी होते. श्वास खालून आणि उच्छ्वास वरून, अशी ही योजना शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेला शोभणारीच होती. सुरुवातीच्या आराखड्यात तर दूषित हवेचे मार्ग वर जाताना पायरीपायरीने रुंद होत जात, कारण प्रत्येक मजल्यागणिक त्यांत अधिक हवा मिळावयाची. खर्चाच्या मर्यादेमुळे ही कल्पना सोडून त्यांना सरळसोट आकार देण्यात आला.

विटांच्या या स्तंभांमुळे इमारतीला तिचे सुपरिचित रूप आले. इटलीतील सान जिमिन्यानो या मध्ययुगीन गावातील दगडी बुरुजांची आठवण अनेक समीक्षकांना झाली. पण तुलनेसाठी इतके दूर जाण्याचीही गरज नव्हती. समोरच विद्यापीठाचे जुने विटांचे वसतिगृह आहे आणि त्याच्या छपरांवरही धुराड्यांची रांग दिसते. नवी इमारत त्या वस्तीत परकी वाटत नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या साधर्म्याला द्यावे लागेल.

काँक्रीटचा सांगाडा

विटांचे स्तंभ पाहणाऱ्याला इमारत त्यांच्यावरच उभी आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः प्रयोगशाळांचा भार त्यांच्यावर नाही. तो पेलणारा सांगाडा निराळाच आहे आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या दृष्टीने इमारतीचा सर्वांत विलक्षण भाग तोच होय. त्याची जबाबदारी ऑगस्ट कोमेंडांट (१९०६–१९९२) या अभियंत्यावर होती. तेही मूळचे एस्टोनियाचे आणि पूर्वताणित काँक्रीटचे जाणकार होते.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून त्यात पोलादी तारा ओढून ताणून बसविल्या, तर त्या तारा काँक्रीटला सतत दाबून धरतात आणि वरून भार आला तरी ते तडकत नाही. हेच पूर्वताणित काँक्रीट. पुलांच्या बांधकामात ते रूढ होत होते. रिचर्ड्स इमारतीत एकंदर १,०१९ पूर्वताणित भाग कारखान्यात साच्यांत ओतून तयार करण्यात आले, मालमोटारींतून जागेवर आणले गेले, यारीने उचलून एकमेकांत बसविले गेले आणि आरपार ओवलेल्या तारांनी आवळून एकसंध करण्यात आले. लहान मुलांनी ठोकळे जुळवून घर करावे तशीच ही कृती. फरक इतकाच की येथे ठोकळ्यांच्या मापात चूक चालणार नव्हती. पूर्ण झालेल्या सांगाड्यात शेजारच्या दोन भागांमधील जास्तीत जास्त तफावत एका इंचाचा सोळावा हिस्सा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर इतकीच होती. त्या काळी काँक्रीटच्या कामात अशी अचूकता क्वचितच पाहावयास मिळे.

प्रत्येक प्रयोगशाळा-मनोरा हा ४५ फुटांचा (सुमारे १३.७ मीटर) चौरस आहे. खांब एकूण आठ, प्रत्येक बाजूस दोन. आणि तेही कोपऱ्यांवर नव्हे, तर बाजूचे तीन समान भाग केल्यावर येणाऱ्या दोन बिंदूंवर. त्यामुळे आतला सबंध चौरस खांबांविना मोकळा राहतो आणि कोपरे अधांतरी पुढे आलेले असतात. मजल्याखालच्या तुळया शिडीच्या आकाराच्या आहेत. वर एक आडवा दांडा, खाली एक आडवा दांडा आणि मध्ये उभ्या पट्ट्या. तिरकस पट्ट्या मुळीच नाहीत. बेल्जियन अभियंता व्हिरेंडील यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. तिरकस पट्ट्या नसल्यामुळे तुळईच्या पोटातील चौकटी मोकळ्या राहतात आणि त्यांतून नळ, तारा व हवेच्या वाहिन्या कोणत्याही दिशेला नेता येतात. म्हणजे मजला पेलणारी वस्तूच सेवांचा मार्गही बनली. पुढे एखाद्या संशोधकाला टेबलाची जागा बदलावयाची झाल्यास भिंती न फोडता वरून नवी नळी आणता यावी, हा यामागचा हेतू.

इमारतीच्या बाहेरून कोपऱ्याकडे पाहिले असता कडेची तुळई टप्प्याटप्प्याने बारीक होत गेलेली दिसते. खांबापासून जसजसे दूर जावे तसतसा भार कमी होतो, म्हणून जाडीही कमी. उरलेल्या जागेत काच बसविलेली असल्याने कोपऱ्याची खिडकी वरच्या बाजूला पायरीसारखी वाढत जाते. हिशोबाचे गणित इतक्या उघडपणे दर्शनी भागात क्वचितच मांडले जाते.

प्रत्यक्ष वापर आणि तक्रारी

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६१ मध्ये केवळ या एका इमारतीवर प्रदर्शन भरविले. वास्तुकलेच्या नियतकालिकांनी तिचे भरभरून स्वागत केले. आत काम करणाऱ्यांचा अनुभव मात्र वेगळा होता.

पहिली अडचण उन्हाची. कोपऱ्यांतील मोठ्या काचांमधून थेट ऊन टेबलांवर येई. सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्याचे डोळे दिपत आणि उष्णतेने बिघडणारी द्रव्ये उघड्यावर ठेवणे अवघड होई. खर्च कमी करताना ऊन अडविण्याच्या आणि उष्णता रोखण्याच्या काही योजनांना कात्री लागली होती, तिचा हा परिणाम. काचांवर कागद आणि पत्री आली ती यामुळे. ज्या पारदर्शक कोपऱ्यांची छायाचित्रे जगभर छापली जात होती, तेच कोपरे आतून कपाटे लावून बंद होऊ लागले.

दुसरी अडचण मोकळ्या चौरसाची. कान यांनी संशोधकांची कल्पना वास्तुशिल्पज्ञांच्या कार्यशाळेवरून केली होती. सगळे एका प्रशस्त दालनात, एकमेकांचे काम पाहत, चर्चा करत पुढे जातील, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात निरनिराळे प्रयोग एकमेकांना मारक ठरतात. एकाला अंधार हवा असतो, दुसऱ्याला निर्जंतुक हवा, तिसऱ्याला स्थिर तापमान. आणि बहुतेकांना निवांत बसून लिहिण्यासाठी दार लावता येईल अशी खोली हवी असते. त्यामुळे चौरसाच्या आत आडभिंती उभ्या राहिल्या. आडभिंती आल्या की बोळ आले, आणि बोळ आले की ४५ फुटांचा तो मोकळा चौरस फारच अपुरा वाटू लागला. शेजारच्या मनोऱ्यात विस्तार करावयाचा तर मधले सेवा-केंद्र ओलांडून जावे लागे.

तिसरी तक्रार छताविषयी होती. तुळया आणि नळ्या उघड्याच ठेवलेल्या असल्याने त्यांच्यावर धूळ साचे. जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही. सांगाड्याचा प्रामाणिकपणा वास्तुशिल्पज्ञाला प्रिय असतो, पण धूळ कोण पुसणार हा प्रश्नही तितकाच प्रामाणिक आहे.

या तक्रारींवरून इमारतीला अपयशी ठरविणारा एक पक्ष आहे आणि हे दोष खर्चकपातीचे व वापरणाऱ्यांच्या सवयींचे आहेत, असे मानणारा दुसरा. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. तथापि, ज्या प्रश्नाचे उत्तर कान यांनी दिले तो हवेचा आणि नळ्यांचा होता, हे विसरता कामा नये. प्रयोगशाळेत माणूस दिवसभर कसा बसतो, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. गोडार्ड प्रयोगशाळेत आणखी दोन मनोरे जोडले गेले. तिच्या वरच्या मजल्यांवरील जीवशास्त्राच्या ग्रंथालयात एकेकट्याने वाचत बसण्यासाठी भिंतीतून बाहेर काढलेले लहान कोनाडे आहेत. एका माणसापुरत्या जागेचा विचार तेथे स्पष्टपणे दिसतो.

कॅलिफोर्नियापासून अहमदाबादपर्यंत

पोलिओच्या लसीमुळे जगप्रसिद्ध झालेले जोनास साल्क यांनी १९५९ च्या अखेरीस फिलाडेल्फियात कान यांची भेट घेतली. त्यावेळी रिचर्ड्स इमारतीचे काम सुरूच होते. कॅलिफोर्नियातील ला होया येथे साल्क यांच्या संस्थेसाठी कान आणि कोमेंडांट यांनी १९६५ पर्यंत जी इमारत उभारली, तिच्यात रिचर्ड्सच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचे उत्तर सापडते. उभ्या मनोऱ्यांऐवजी तेथे ६५ फूट रुंद आणि २४५ फूट लांब अशी आडवी, खांबविरहित दालने आहेत. प्रत्येक दालनाच्या वर सुमारे नऊ फूट उंचीचा एक संपूर्ण मजला केवळ नळ आणि वाहिन्यांसाठी राखला आहे. दुरुस्ती करणारा त्यात उभा राहून काम करतो आणि खाली प्रयोग चालूच राहतो. संशोधकांच्या बैठकीच्या खोल्या प्रयोगशाळेपासून अलग, समुद्राकडे तोंड करून काढलेल्या आहेत. शिडीसारखी तुळई मात्र तीच; तिच्या पोटातून आता नळीबरोबर माणूसही जाऊ शकतो. पुढे अनेक देशांतील रुग्णालयांनी आणि प्रयोगशाळांनी ही मधल्या सेवा-मजल्याची पद्धत स्वीकारली.

उन्हाच्या प्रश्नावर कान याच सुमारास नव्याने विचार करीत होते. अंगोलातील लुआंडा येथील अमेरिकी वकिलातीच्या आराखड्यात त्यांनी खिडकीपुढे दुसरी भिंत उभी करून प्रखर प्रकाश सौम्य करण्याची युक्ती योजिली होती. तो आराखडा प्रत्यक्षात आला नाही. परंतु १९६२ पासून अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे काम हाती आल्यावर विटांच्या जाड भिंतींतील मोठी वर्तुळाकार आणि कमानदार छिद्रे, त्यांच्या मागे खोल सावली आणि मग खोली, ही मांडणी भारतीय उन्हात सिद्ध झाली. अहमदाबादहून परतत असतानाच १७ मार्च १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या रेल्वेस्थानकावर कान यांचे निधन झाले. संस्थेचे उर्वरित काम पुढे नेणारे अनंत राजे (१९२९–२००९) मुंबईचे, सर जे. जे. कला विद्यालयाच्या परंपरेतील. साठच्या दशकात त्यांनी कान यांच्या फिलाडेल्फियातील कार्यालयात काम केले होते.

जतन आणि नवा उपयोग

२००९ मध्ये अमेरिकी शासनाने रिचर्ड्स आणि गोडार्ड या दोन्ही इमारतींना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. तोवर रसायने, जंतू आणि प्राणी यांवर चालणारे संशोधन सामावून घेण्याची त्यांची क्षमता संपत आली होती. आजच्या सुरक्षा-नियमांनुसार लागणाऱ्या हवेच्या वाहिन्या १९५७ च्या हिशोबात बसणाऱ्या नाहीत. विटांचे स्तंभ कितीही भव्य असले तरी त्यांचे पोट ठरलेलेच आहे. वाहिन्यांसाठी स्वतंत्र जागा राखणाऱ्या इमारतीला वाहिन्याच कमी पडाव्यात, हा प्रकार चमत्कारिक खरा, पण अभियंत्यांना अपरिचित नाही.

विद्यापीठाने इमारत न पाडता तिचा उपयोग बदलण्याचा निर्णय घेतला. पाणी, वायू आणि रसायने लागणाऱ्या प्रयोगशाळा टप्प्याटप्प्याने इतरत्र हलविण्यात आल्या आणि मनोऱ्यांचे नूतनीकरण करून मुख्यतः संगणकावर चालणाऱ्या संशोधनासाठी, विशेषतः मेंदूच्या कार्याचा अभ्यास करणाऱ्या गटांसाठी, जागा तयार करण्यात आली. या कामाला विषारी वायू ओढून घेणारी कपाटे लागत नाहीत. लागतात ती टेबले, उजेड आणि एकत्र बसून बोलण्याची सोय. त्यामुळे गर्दी करून उभ्या राहिलेल्या आडभिंती काढता आल्या, काचांची सुधारणा झाली आणि अनेक वर्षे झाकलेले कोपरे पुन्हा उघडले. कान यांनी कल्पिलेली मोकळी कार्यशाळा सुमारे पन्नास वर्षांनी, वेगळ्याच शास्त्राच्या हाती, बरीचशी साकार झाली.

इमारतीची बांधणी समजून घेण्यासाठी आत जाण्याचीही आवश्यकता नाही. प्रवेशाच्या बाजूच्या मनोऱ्याचा तळमजला भिंतींविना मोकळा सोडलेला आहे. तेथे उभे राहून वर पाहिले की आठ खांब, एकमेकींना छेदणाऱ्या शिडीसारख्या तुळया, त्यांनी पाडलेले नऊ चौरस आणि अधांतरी कोपरे असा सगळा सांगाडा उघडा दिसतो.